आबांचा पगार

ऑफिस लहान असलं की किस्से फार साचतात. आमच्या जळगावच्या ऑफिसला तर एकच खोली, त्यामुळे कुणाला खाजगी बोलायची सोयच नव्हती! स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मी तिथे कारकून होतो, हे आजही अभिमानाने सांगतो.

आमचे मालक आबा मूळचे धुळ्याकडचे शेतकरी. रस्त्यांवरचे छोटे पूल बांधायचे कंत्राट घेत. पुढे त्यांनी रीतसर कंपनी काढली. डायरेक्टर दोनच, आबा आणि त्यांच्या मंडळी, अक्का.

हिशेब बघणारे भाईजी म्हणाले, “आबा, आता कंपनी वेगळी, तुम्ही वेगळे. पगार घ्या, नाहीतर नफा झाला की डिव्हिडंड घ्या.”

दुसऱ्याच्या शेतात वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी म्हणजे सालदार. आबा भडकलेच, “मी मनाच वावरमा सालदार लागू का?”

झालं, डिव्हिडंड ठरला.

*

अक्कांना ते मुळीच पटलं नाही. डबा घेऊन ऑफिसात आल्या की त्या सगळ्यांसमोर सुनवायच्या, “नफा वरीसमा एकदाव, आन भाजी रोज लागस!”

आबा मुकाट्याने डबा उघडायचे. भाकरीपुढे त्यांचं कधी काही चाललं नाही.

*

एका वर्षी नफा चांगला झाला. भाईजींनी आबांना पुन्हा समजावलं, “पगार कंपनीचा खर्च धरतात, कर कमी बसतो. डिव्हिडंड कर भरून उरलेल्यातून.”

“जाऊ द्या ना सरकारले! त्याच पैसामा पुढला पूल निंघी, टेंडर आपलंच!”

भाईजींनी कपाळाला हात लावला.

*

आबांच्या मुलीला बघायला चाळीसगावचे पाहुणे आले. मुलाचे वडील रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांनी आबांना विचारलं, “पगार किती?”

“पगार नाही.”

“मग पुढे पेन्शन?”

“तीही नाही.”

पाहुण्यांचा चेहरा पडला. “मग आहे तरी काय?”

“उठा, दखाडस!” आबांनी सगळ्यांना टांग्यात घातलं आणि स्वतः बांधलेल्या पुलावर नेऊन उभं केलं. “मारा उड्या, हालस का दखा!”

लग्न ठरलं!

*

आणि मग पहूरजवळचा आमचा एक पूल पुरात वाहून गेला. त्याच्या हमीची मुदत संपली होती, तो पुन्हा बांधून द्यायचं बंधन आमच्यावर नव्हतं. पण त्या वर्षी इतर कामंही बुडाली. नफा नाही, म्हणून डिव्हिडंड नाही. आबांच्या घरी किराणासुद्धा उधारीवर येऊ लागला.

शेवटी आबा खाली मान घालून म्हणाले, “भाईजी, पगार लावा.” मला फार वाईट वाटलं.

भाईजी म्हणाले, “कंपनीकडे थोडी रक्कम आहे. पण स्वतःचा पगार तुम्हाला स्वतः मंजूर करता येणार नाही. दुसऱ्या डायरेक्टर म्हणून अक्कांचा होकार लागेल.”

आम्ही निर्धास्त. इतकी वर्षं अक्का पगारासाठीच भांडत आल्या होत्या!

अक्का आल्या, पदर सावरून खुर्चीवर बसल्या. भाईजींचं सगळं ऐकून घेतलं आणि आबांकडे वळल्या.

“पहूरना लोक नाल्यामाईन जातस. तुम्हीन बांधेल पूल वाही गया. तो पैसा पहिले तठे लावा. पगारनं मंग दखू.”

आबांनी हळूच मान वर केली. टोपी नीट बसवली. आणि टेबलावर थाप मारून म्हणाले,

“लिखा भाईजी, पगार नामंजूर! डायरेक्टरनी सही घ्या!”