दुपारच्या उपग्रहाचं चित्र

मेहकरला मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि उरलेल्या वेळात लोकांच्या थट्टेचा विषय व्हायचो. भाड्याच्या घराच्या गच्चीवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना, खोलीत भंगारातून आणलेला बिनतारी संच आणि त्याला जोडलेलं फिरतं नळकांडं. हवामानाचा उपग्रह डोक्यावरून जाऊ लागला की संच टिकटिक करायचा, त्या आवाजासरशी बारीक दिवा कमीजास्त व्हायचा आणि नळकांड्यावरच्या फोटोच्या कागदावर ओळीओळीनं ढग उमटायचे. दोन वर्षं खपलो तेव्हा कुठं हे जमलं. शेजारी म्हणायचे, मास्तरचं डोकं फिरलं. विश्वास ठेवणारा एकच माणूस, माझा थोरला भाऊ. गावाकडची शेती तोच पाहायचा.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तो बाजाराला म्हणून आला आणि थेट माझ्याकडे. हरभरा सोंगून झाला होता, मळणी तेवढी राहिली होती.

"आभायाचं लक्षण मले काही बरं दिसून नाही राह्यलं," तो म्हणाला. "सुडी रचून झाकून ठेवू, का उद्या मळायले खयावर पसरू? तू पाहून सांग."

एरवी मी सकाळचा उपग्रह पकडायचो. भावापुढे मिरवायची हौस, म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच दुपारचा पकडला. चित्र धूसर आलं. किनारा ओळखू येईना, पण ढगांचा पांढरा पट्टा आग्नेयेला स्पष्ट दिसत होता. या दिवसांत ढग वायव्येकडून येतात, म्हणजे ते आपल्याला ओलांडून गेलेसुद्धा! मी ऐटीत सांगितलं, "बिनधास्त पसर."

"तू म्हणतो तर पसरतो," म्हणाला आणि संध्याकाळच्या बसनं गेला.

दुसऱ्या दिवशी ऐन मळणीत गारांसकट पाऊस कोसळला. पसरलेला माल गोळा करायलाही सवड मिळाली नाही.

नुकसानीचा निरोप आला तसं मी ते चित्र बाहेर काढून बसलो. सकाळचा उपग्रह उत्तरेकडून दक्षिणेला जातो, दुपारचा दक्षिणेकडून उत्तरेला. त्यामुळे त्याच्या चित्रात दक्षिण वर येते, ते उलटं उमटतं. कागद फिरवला, तर पट्टा वायव्येला, आमच्याच अंगावर चालून येणारा. चौथीतलं पोरही नकाशा उलटा धरत नाही. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

रविवारी गावी गेलो ते सगळं कबूल करायचं ठरवूनच. पारावरची मंडळी मला पाहून खिदळली. "काय मास्तर, काय म्हणते तुमची मशीन?"

भाऊ तिथंच बसला होता. कधी कुणावर आवाज न चढवणारा माणूस, पण तडकला. "हसता काऊन बे? मशीन चुकली, माहा भाऊ नाही चुकला. विचारा त्याले!"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. चित्र माझ्या खिशात होतं.

"हो," मी म्हणालो, "मशीनच चुकली."

भावानं माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मला घरी जेवायला घेऊन गेला.