तलावातली नारळी पौर्णिमा

मधुकरराव मालवणला दीड वर्ष होते, एका कापडाच्या दुकानात थान उलगडून दाखवायला. समुद्राशी संबंध एवढाच, की खानावळीत सुरमई खाल्ली आणि एकदा होडीतून किल्ल्यावर गेले. येताना ओकले. पण १९७८ साली नाकाडोंगरीजवळच्या आमच्या गावात परतले ते थेट दर्यावर्दी होऊन. टपरीवर बसून गलबतं, तांडेल, आरमार यांच्या गोष्टी हाणायचे. आमच्या तलावातल्या रोहूला ते गाळ म्हणत. जेवताना मात्र दोनदा वाढून घेत.

मला त्या माणसाची तेव्हाही चीड होती. आमचं गावही काही कमी नव्हतं. कोणी समुद्र पाहिला नव्हता, म्हणून ज्याने पाहिला तो शहाणा. तलावातल्या मासेमारीचा ठेका त्यांनाच मिळाला. सुखराम धिवराचं आणि त्याच्या भावकीचं पोट त्या तलावावर होतं. ती सगळी माणसं मधुकररावांच्या हाताखाली आली.

पहिल्याच आषाढात त्यांनी हुकूम सोडला, "नारळी पौर्णिमेपावतर पाण्यात जाळं टाकाचं नाही. मालवणले असाच नेम आहे."

"तिकडं समुद्र खवळत असन जी," सुखराम म्हणाला. "इथं तलाव भरून राहिला. सांडव्यावर जाळं नाही लावलं तं मासोळी बांध्यायनं निघून जाते. मंग आमी खावाचं काय?"

"तुले समुद्र काय माहीत?"

सुखरामने जाळं गुंडाळून खांद्यावर टाकलं.

तलाव भरला, सांडवा वाहू लागला आणि पाण्याबरोबर रोहू, मरळ सगळे खालच्या गावाच्या धानाच्या बांध्यांत गेले. तिथल्या बायकांनी टोपल्या भरभरून नेले. आमची माणसं तलावाच्या पाळीवर बसून पाहत राहिली, कारण सांडव्यावर मधुकरराव स्वतः छत्री घेऊन पहाऱ्याला उभे होते.

पौर्णिमेला त्यांनी सोनेरी कागद चिकटवलेला नारळ तलावात सोडला. मग जाळी पडली. शेवाळ निघालं, थोडे खेकडे निघाले. मधुकररावांचं काय बिघडलं? गावात वडिलांचं कापडाचं दुकान होतंच.

पोळ्याला सुखरामच्या घरी चूल पेटली नाही. त्याने जाळं विकलं आणि चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत कामाला गेला. उभा जन्म उघड्या पाण्यावर काढलेला माणूस रोज जमिनीच्या पोटात उतरू लागला.

टपरीवर हे कोणीतरी मधुकररावांना सांगितलं. बशीतला चहा फुंकत ते म्हणाले, "म्या पयलेच वळखलं होतं. त्याले पाण्याची ओढच नव्हती."