निळ्या रंगाला टाळी

गुंदकडच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते, तेव्हा रानातल्या वाडीवरून एक गरोदर बाई दर बुधवारी चालत यायची. तिच्या लघवीत साखर निघाली होती, आणि आधीचं मूल मेलेलंच जन्मलं होतं. गुळाचा चहा तिने बंद केला, भात निम्मा केला. मी निळ्या औषधात तिची लघवी घालून तपासणीची नळी दिव्यावर तापवू लागले की ती पदर दातांत धरून बघत राही. रंग निळाच राहिला, म्हणजे साखर नाही. मग ती लहान पोरीसारखी टाळी वाजवी.

"सगळं गोड सोडलंस गं?"

"व्हय अक्का, बोलणं तेवढं ठेवलंय!"

दिवस भरल्यावर तिला ठणठणीत मुलगी झाली. पोरीने रडून दवाखाना डोक्यावर घेतला. मी तिला उगी करायला गेले, तर ही हसत म्हणाली, "रडू द्या, अक्का. मागल्याचं रडणं ऐकाय मिळालं न्हाई."