बाईमाणसाची फिरती

"बाई, शालन गेली," असं अण्णा फोनवर म्हणाले आणि मी सवयीनं विचारलं, "आता कुठं?" शालनच्या बाबतीत 'गेली' या शब्दाला इतक्या वर्षांत एकच अर्थ होता. ती काठमांडूला गेली, पिनांगला गेली, इस्तंबूलला गेली, नैरोबीला गेली. दर खेपेला तिचे थोरले भाऊ, म्हणजे अण्णाच, मला फोन करून कळवायचे, तेही अशाच जड आवाजात, जणू घरात काही अशुभ घडलंय. आणि मी हौसेनं विचारायची, आता कुठं? या वेळी उत्तर यायला वेळ लागला. "न्हाई बाई... घरातच. सकाळी छातीत दुखतंय म्हनाली. साताऱ्याला न्यायला जीप काढली. कोरेगाव मागं टाकलं आन्..."

निम्मं जग पालथं घातलेली माझी मैत्रीण कोरेगाव आणि साताऱ्याच्या मध्ये, लहानपणापासून ये-जा केलेल्या रस्त्यावर गेली. हे मी मुद्दाम सांगते आहे. कारण सांत्वनाला आलेल्या चार शहाण्या बायकांनी माझ्यासमोरच चुकचुकत निदान केलं की, "एवढं एकटीनं फिरायचं म्हणजे प्रकृतीची वाट लागणारच." जन्मात कृष्णेचा पूल न ओलांडलेल्या माणसांचीही हृदयं बंद पडतात हो! पण त्यांच्याबद्दल कुणी म्हणत नाही की, घरात बसून बसून गेले. शालन चाळिशी ओलांडून थोडीच पुढं आली होती, तिच्या वडिलांनाही याच वयात असंच झालं होतं, आणि ते बिचारे उसाच्या फडाबाहेर कुठं गेले नव्हते. मी त्या बायकांना हे सगळं तोंडावर सांगितलं. त्यांना राग आला असेल तर येऊ दे.

आमची ओळख सांगलीची, कॉलेजात असताना विश्रामबागेत दोघींनी मिळून घेतलेल्या खोलीतली. मी वाईहून आलेली, घाटावरच्या घरातली, शब्द तोलूनमापून बोलणारी. ती कोरेगावच्या पलीकडच्या गावातली, ऊसवाल्या शेतकऱ्याची पोर, भाऊ फौजेत. पहिल्याच दिवशी मी तिला म्हणाले, "आपण खोली स्वच्छ ठेवू या हं." ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आपण म्हंजी कोन? तू का मी?" पुढं शिकली, नोकरी लागली, तेव्हा तिची भाषा बदलली. पण भांडायला उभी राहिली की गावच तोंडात यायचं, आणि भांडायला ती वरचेवर उभी राहायची. कॉलेज संपल्यावर मी तिथंच शिक्षिका झाले, लग्न करून विश्रामबागेतच राहिले. शालन साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात लागली. तिथं जर्मनीहून यंत्रं यायची, त्यांच्याबरोबर जाडजूड माहितीपुस्तकं यायची. आमच्या गल्लीत एक निवृत्त गृहस्थ घरी जर्मन शिकवत. संध्याकाळी वेळ जात नाही म्हणून आम्ही पाच जणी त्यांच्याकडं जायला लागलो. चौघी गळाल्या, त्यात मीही होते. शालन राहिली, आणि दोन-तीन वर्षांत ती त्या पुस्तकांचं इंग्रजी करायला लागली.

पुढं वर्कशॉपच्या मालकांचं आणि तिचं कशावरून तरी बिनसलं. तिनं खुर्ची सोडली, पण काम नाही सोडलं. जर्मनीतल्याच एका संस्थेकडून तिला तशीच पुस्तकं मिळायला लागली. कुरिअरनं यायची, ती टाइप करून परत पाठवायची. एक दिवस माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणाली, "मला टेबल लागतं, खुर्ची लागती आणि डोक्यावर दिवा लागतो. ही तीन सांगलीतच मिळतात असं कुणी सांगितलंय?" मला वाटलं, पुण्याला जायचं म्हणते आहे. ती काठमांडूला गेली. तिथं तीन महिने खोली घेऊन राहिली, काम केलं, आणि परत आल्यावर तिच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं समाधान होतं. मग थांबलीच नाही. दोन-तीन महिने एका गावात राहायचं, तिथली भाजी आणायची, तिथल्या घरमालकिणीशी भांडायचं, कामाचे तास ठरवून बसायचं, आणि पुढचं गाव. आधी टाइपरायटर होता, नंतर मांडीवरचा कॉम्प्युटर आला. वर्षातून दीड-दोन महिने मात्र गावी, आईजवळ. तिच्या आईला सगळं गाव आक्का म्हणतं, मीही तेच म्हणते.

आता खरी गंमत इथंच आहे. परदेशात तिला कुणी विचारलं नाही की, तू हे काय करतेस. इस्तंबूलची घरमालकीण म्हणे टेबलाजवळून जाताना पावलं न वाजवता जायची. आणि तिच्या गावी? "घरातच हाईस न्हवं, मग एवढं पोरगं बघ." "बसूनच हाईस, तर दळण टाकून ये." "लाइटबिलाला तुझ्याशिवाय कोन मोकळं हाय?" एका यंत्राचं पुस्तक अर्धवट टाकून ती चुलतभावाच्या साखरपुड्याची भांडी भाड्यानं आणायला गेली होती, तो दिवस तिनं मला पुढं शंभरदा ऐकवला. शेवटी तिनं एक युक्ती काढली, आणि ती फक्त तिलाच सुचू शकली असती. घराच्या मागं परड्यात पाण्याचं इंजिन ठेवायची जुनी खोली होती. ती तिनं झाडून, चुना देऊन घेतली, आत टेबल टाकलं. मग रोज सकाळी अंघोळ करून इस्त्रीची साडी नेसायची, मनगटाला घड्याळ, खांद्याला पर्स, हातात जेवणाचा डबा. "येते गं आक्का," म्हणून पुढच्या दारानं बाहेर पडायची, बोळातून घराला वळसा घालायची आणि परड्यातल्या खोलीत जाऊन बसायची. पहिले काही दिवस आळी हसून हसून लोळली. "शालन, कुठं निगालीस?" "कामावर." "आन् काम कुठंशी हाय?" "हितंच, मागल्या दारी." पण बघा, डबा घेऊन निघालेल्या माणसाला अडवायची आपल्याकडं कुणाची छाती होत नाही. हळूहळू दारात आलेल्यांना आळीतलीच माणसं सांगू लागली की, शालन कामावर गेलीया, संध्याकाळी या. ज्या खोलीत ती बसायची ती त्यांच्यापासून वीस पावलांवर होती. ती खिडकीतून दिसायचीसुद्धा. तरी ती 'गेलेली' असायची.

आमच्या घरचा प्रकार निराळा. गावात ई-मेलची सोय नव्हती, म्हणून लिहून झालेलं काम पाठवायला ती सांगलीला माझ्याकडं यायची. आमच्या फोनची वायर कॉम्प्युटरला लावायची, मग तो किंचाळायचा, शिट्ट्या मारायचा. एकदा भलंमोठं काम जवळजवळ पूर्ण गेलं होतं आणि माझ्या सासऱ्यांनी आतल्या खोलीतला जोडफोन उचलला. "सूनबाई, फोनात रातकिडे शिरलेत!" झालं, सगळं पहिल्यापासून. शालननं कपाळावर हात मारला आणि मग पोट धरून हसली. सासऱ्यांना त्या दिवसापासून फोनची धास्तीच बसली, ती येणार म्हटलं की ते चपला घालून फिरायला निघून जायचे.

पण हसण्यावारी न्यायचं एवढंच होतं. एक गोष्ट तिला मनातून लागायची, आणि ती मी इथं स्पष्ट लिहिणार आहे. अण्णा सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि घरी येऊन त्यांनी पहिलं काय हाती घेतलं असेल तर बहिणीचं लग्न. स्थळाकडची माणसं विचारायची, मुलगी काय करते? अण्णा म्हणायचे, घरीच असते. हे मी स्वतः ऐकलंय, मी त्या दिवशी पोहे द्यायला होते. पाहुणे गेल्यावर शालन पेटली. "अण्णा, घरीच असते? वर्षातनं दहा म्हयने मी घरात नसती, आन् तू लोकांस्नी सांगतोस घरीच असती?"

"मग काय सांगू? फिरत असती म्हनू?"

"फिरती हाय म्हन. तो औषधाच्या पिशव्या घिऊन हिंडनारा पोरगा, त्याची आई कशी छाती फुगवून सांगती, आमचा बाळू फिरतीवर असतो. तसंच सांग. माझी बी फिरतीच हाय."

अण्णा ताटावरून उठले. जाता जाता म्हणाले, "बाईमानसाची कवा फिरती असती व्हय गं?" आणि चुळा भरायला गेले. शालन त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. ती रडली वगैरे नाही, तिचा स्वभाव नव्हता. फक्त मला म्हणाली, "पुरुष गावोगाव हिंडला की ती फिरती, बाई हिंडली की ती फिरायला गेली. मी आजपर्यंत फिरायला गेलेच नाही गं. मला ताजमहाल माहीत नाही." हे खरं होतं. नैरोबीला असताना तिनं सिंह पाहिला नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, सुट्टी कुठं होती. लग्नाचा विषय त्यानंतर आपोआप मागं पडला, त्याचं तिला सुख-दुःख नव्हतं. पण भावानं तिच्या कामाला काम म्हणावं, एवढी एक गोष्ट तिला हवी होती, आणि ती तिच्या जिवंतपणी झाली नाही. याचा मला आजही संताप येतो.

रक्षाविसर्जनाला नदीकाठी गर्दी होती. आमच्या भागात माणूस कुठलाही असो, राखेसमोर उभं राहून श्रद्धांजलीची भाषणं होतातच. तालुक्यातले एक पुढारी बोलायला उभे राहिले. त्यांनी शालनला बहुधा पाहिलंही नसावं. "ताईंना फिरण्याची भारी हौस," ते म्हणाले, "देशोदेशीची ठिकाणं पाहिली, परमेश्वरानं त्यांची सगळी हौस पुरवली..." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पुढं सरकणार तेवढ्यात अण्णा उठले. बोडकं डोकं, पांढरा सदरा. माइक त्यांनी हातानं बाजूला सारला.

"हौस न्हवं," ते म्हणाले. "मी फौजंत व्हतो. लेह, तेजपूर, जैसलमेर, सरकारनं धाडलं तिकडं गेलो. त्याला कुनी माझी हौस म्हनलं न्हाई. ही माझी भन. ही बी कामासाठीच फिरत व्हती. मशिनरीची पुस्तकं लिवायची. मला सांगाय लाज वाटायची, म्हनून मी लोकांस्नी सांगायचो घरीच असती..." इथं ते थांबले. "घरीच नसायची ती. फिरतीवर असायची. आज सगळ्यांदेखत सांगतो, माझी भन फिरतीवर व्हती." आणि खाली बसले. पुढारी मागं सरकून गर्दीत जाऊन उभे राहिले. रक्षाविसर्जनाला टाळ्या वाजवत नाहीत, नाहीतर मी वाजवल्या असत्या. उशीर झाला, फार उशीर झाला, पण झालं ते त्या गर्दीत, उजळमाथ्यानं झालं.

हा लेख मला सांगलीत लिहिता येईना. दोनदा बसले, दोनदा उठले. शेवटी गावी आले, तर आक्का म्हणाल्या, "तिच्या खोलीत बसा की बाई." आता तिथंच बसले आहे. टेबलावर काही नाही, भिंतीला ती जिथं खुर्ची टेकवायची तिथला चुना निघालाय. खिडकीतून आक्का परड्यात ऊन खायला बसलेल्या दिसत होत्या. मघाशी त्या दिसेनाशा झाल्या आणि दाराची कडी बाहेरून हळूच वाजली. या गावात कुणी कुणाच्या दाराची कडी वाजवत नाही, हाक मारत थेट चुलीपर्यंत येतात. आक्कांनी तर सत्तर वर्षांत कधी वाजवली नसेल. मी दार उघडलं. चहाची कपबशी घेऊन त्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या.

"आक्का, तुमचंच घर, कडी कशाला वाजवता?"

"घर माझंच हाय बाई," त्या म्हणाल्या, "पर आत काम चाललंय न्हवं?"