बिझुआर यांची ओळ

फेर्नां बिझुआर माझ्या शेजारी बसायचे ते केवळ आडनावामुळे. मी आर्नू, ते बिझुआर. हजेरीच्या यादीत आमच्या दोघांच्या मध्ये कुणी नव्हतं. मी एकोणीस वर्षांची, ते एकसष्ट. वर्गातली पोरं त्यांना ‘आजोबा’ म्हणायची आणि ते उत्तरही द्यायचे, “काय रे नातवांनो?” राग म्हणून कधी नाही. मला मात्र तेव्हा त्यांची लाज वाटायची. खरं तेच सांगते आहे, आता लपवून काय करू?

कालव्यावर बोटी वर-खाली करायची जी लाकडी दारं असतात, त्यांची राखण करण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. त्यांचा जन्मच बोटीवरचा. बापाकडे घोडा नव्हता. छातीवर पट्टा बांधून बाप बोट ओढायचा, मागे आई, आणि सात वर्षांचे झाल्यावर हेही. शाळा अकराव्या वर्षी सुटली. पुढे दारांवरची नोकरी लागली, तिथे एक बोट गेली की दुसरी यायला कधी तास, कधी अर्धा दिवस. त्या वेळात त्यांनी कविता वाचल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला कळलंही नव्हतं. निवृत्त झाल्यावर बायकोला म्हणाले, “जेर्मेन, मी विद्यापीठात जातो.” ती म्हणाली, “जा, पण बूट पुसून जा.”

त्यांच्याकडे शाळा संपल्याचा दाखला नव्हता. म्हणून त्यांना एका वर्षासाठी घेतलं होतं. वर्षाअखेरीस वीसपैकी दहा पडले तर पुढे राहायचं, नाहीतर घरी. वर्गात सगळ्यांना हे माहीत होतं. मला तर सगळ्यात जास्त, कारण दुपारी ते माझ्याबरोबर जेवायचे. पाव, सॉसेज, घरचे मुळे. अर्धं मला द्यायचे आणि मी न लाजता खायचे.

कविता शिकवायला मादाम लकोंब होत्या. बारीक, ताठ, आणि जिभेला धार. त्यांच्याकडे सगळ्यात मोठं पाप एकच, सरळार्थ. कवीनं जे म्हटलंय तेच आपल्या शब्दांत परत सांगितलं की संपलं, समासात लाल शाईनं एक शब्द आणि गुण सहा. कविता काय म्हणते ते सांगायचं नाही, ती कशी म्हणते ते सांगायचं. बिझुआर यांना हे काही केल्या जमेना. ते म्हणायचे, “माणूस दमलाय, म्हणून बसलाय.” मादाम म्हणायच्या, “मस्यू, ते आम्हालाही वाचता येतं.” पोरं खिदळायची. मीसुद्धा.

मादामची आणखी एक पद्धत होती. यादीतल्या लागोपाठच्या दोघांना एकच कविता द्यायची आणि एकामागून एक बोलायला लावायचं. वर्षाचे निम्मे गुण त्या तोंडी परीक्षेला. आम्हाला आली ती एक जुनी, कवीचं नावही न उरलेली कविता. काठावरून बोट ओढत नेणारा माणूस, एवढाच विषय. ओळी बारा अक्षरांच्या. अशा ओळीत यती, म्हणजे मधला थांबा, सहाव्या अक्षरावर असते हे आमच्याकडे पहिल्याच वर्षी घोकून घेतात. पण या कवितेत तीन ओळी अशा होत्या की थांबणं चौथ्यावरच पडायचं. ग्रंथालयातली पुस्तकं म्हणत होती, कवी कच्चा होता. मी आठ दिवस डोकं फोडलं, कागद कोरा तो कोराच.

परीक्षेच्या आदल्या दुपारी जिन्यावर बसून जेवत होतो. मी म्हटलं, “मस्यू बिझुआर, मला यातलं ओ की ठो कळत नाहीये.”

“कशातलं?”

“ही चौथ्या अक्षरावरची यती.”

ते बोटांनी गुडघ्यावर ताल धरून ओळ म्हणू लागले. चार, मग थांबले, मग उरलेली आठ. “अगं पोरी, चूक कुठली आलीय? सगळा जोर पहिल्यांदाच लागतो. चार पावलं खेचायचं, मग श्वास. तेवढ्यात बोट हललेली असते, पुढे ती आपसूक येते. चार आणि आठ. ज्यानं हे लिहिलंय त्याच्या खांद्यावर पट्टा असणार, नाहीतर ओढणारा त्यानं फार जवळून पाहिला असणार.”

मी म्हटलं, “हे उद्या सांगा.”

“सांगणारच. तेवढंच तर आहे माझ्याकडे,” ते म्हणाले, आणि राहिलेला मुळा मला दिला.

घरी जाऊन मी ते लिहून काढलं. देवाशप्पथ, वरती लिहिलं होतं, ‘मस्यू बिझुआर यांनी मला दाखवून दिलं की…’ त्यांचं नाव घ्यायचंच होतं. पण यादीत मी आधी. मी बोलायला उभी राहिले, तीन ओळींपाशी आले, आणि मादामनी हातातलं पेन खाली ठेवलं. वर्षभरात त्यांनी कुणासाठी पेन खाली ठेवलं नव्हतं. मी त्या वाक्यावरून उडी मारली. ‘शरीराच्या श्रमाची लय’, ‘यतीचं सरकणं’, असले नटवे शब्द घातले, आणि बोलत सुटले. शेजारी बघायची हिंमत झाली नाही.

मग ते उठले. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच. ते म्हणाले, “चार पावलं खेचायचं, मग श्वास.” पोरं हसली. मादाम म्हणाल्या, “मस्यू, हे आत्ताच ऐकलं आम्ही. आणि पुष्कळ चांगल्या शब्दांत. तुमचं स्वतःचं काही?”

ते माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, गोंधळून, घराची किल्ली कुठे ठेवली ते आठवत असल्यासारखे. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी वहीत डोकं घातलं.

“नाही,” ते म्हणाले, “मादमुआझेल आर्नूनं सांगितलं ते जास्त चांगलं आहे.”

मला सतरा पडले. त्यांना सहा, आणि समासात तो शब्द. सोमवारपासून माझ्या शेजारची जागा रिकामी. मी पत्र लिहायचं ठरवलं, मग उन्हाळ्यात लिहू म्हटलं, मग पुढच्या वर्षी. मी शाळेत शिक्षिका झाले. दरवर्षी ती कविता शिकवते, दरवर्षी पोरं त्या तीन ओळींवर खूश होतात, आणि दरवर्षी ‘हे मस्यू बिझुआर यांचं’ हे माझ्या तोंडून निघत नाही. मेलं एक नाव, पण जिभेला जणू कुलूप.

अकरा वर्षांनी मी त्यांच्या गावी गेले. गाव सापडायला वेळ लागला नाही, कालवा धरून चालत राहायचं. ते घेवड्याच्या शेंगा तोडत होते. मला लगेच ओळखलं. मी काही बोलायच्या आत त्यांनीच टोपी काढली.

“पोरी, बरं झालं आलीस. मला तुझी माफी मागायची होती.”

“माझी?”

“तुझंच मी परत सांगत बसलो भर वर्गात. मला वाटत होतं ते मला सुचलंय. मादामनी टोकलं तेव्हा लक्षात आलं, जिन्यावर तू सांगितलेलं असणार. म्हातारपणी ऐकलेलं आणि सुचलेलं एक होऊन जातं. फार लाज वाटली बघ. म्हणून आलो नाही परत.”

मी तिथेच, मातीत उभी राहून, सगळं सांगितलं. जिना, वही, ते वाक्य, मादामचं पेन. “ते तुमचं होतं. मी चोरलं,” मी म्हटलं. मला रडू आवरेना.

ते हसले. घराकडे वळून म्हणाले, “जेर्मेन, ऐकलंस? मला बरं वाटावं म्हणून ही पोर स्वतःवर आळ घेतेय. मी म्हणत नव्हतो, मनानं चांगली आहे?”

“मस्यू बिझुआर, मी खोटं बोलत नाहीये. शपथ घेते.”

“असू दे गं. अकरा वर्षांनी एवढ्यासाठी एवढं चालत कोण येतं? चोर येतात होय?”

जेर्मेनबाईंनी अंगणात खुर्ची मांडली, कॉफी आणली. मी पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदाही सांगितलं. दर वेळी ते माझ्या हातावर थोपटायचे. शेवटी मी विचारलं, “कविता वाचता अजून?”

“वाचतो की. पण मनाशी काही ठरवत नाही आता. मला जे सुचतं ते कुणाकडून तरी ऐकलेलंच असणार.”

आत जाऊन त्यांनी एक पुस्तक आणलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. “ही कविता दोन महिने वाचतोय. तू सांग यात काय आहे. तुला कळतं.”

मी म्हटलं, “आधी तुम्ही सांगा.”

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसले. जेर्मेनबाई घेवडा सोलायचा थांबवून ऐकायला सरकल्या. मला सांगावं लागलं.