तांबड्या दोऱ्याचं रीळ

डॉक्टर गेल्याचा त्यांच्या सूनबाईंचा फोन आला, तेव्हा मी सुईत दोरा ओवत होते. चष्मा लावून का होईना, पण उजव्या डोळ्याच्या भरवशावर. तो डोळा त्यांनीच राखलेला... मग दिवसभर शिवण हातात धरवेना.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी अकरा वर्षांची होते. मोशीत महिनाभर सर्दी अंगावर काढली, मग ताप चढला आणि एका सकाळी उजवा डोळा सुजून मिटला. आईला वाटलं, देवी आल्या. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, औषधपाणी बंद. चिंचवडचे डॉक्टर गावात दुसऱ्या कुणाला तपासायला आले होते, ते डहाळा बघून उंबऱ्याशी थांबले. "घरात देवी हायेत, डॉक्टर. सुई टोचायची न्हाई," आई म्हणाली. त्यांनी चपला काढून हात जोडले. "माई, अंगावर एक पुरळ दाखवा, मी आल्या पावली परत जातो." आईनं मला नखशिखांत पाहिलं. पुरळ नव्हतंच. मग त्यांनी समजावलं, की नाकाशेजारच्या पोकळीतला पू डोळ्यामागे सरकतोय. वेळ दवडला तर डोळा जाईल, कदाचित पोरही.

त्यांनी मला आपल्या दवाखान्यात ठेवून पेनिसिलिन सुरू केलं. ते तेव्हा पिंपरीतच बनू लागलं होतं, आणि डॉक्टरांना त्याचं घरच्या आंब्यासारखं कौतुक. दर दोन तासांनी ते माझी पापणी अलगद उघडत, चांगला डोळा तळव्यानं झाकत आणि बायकोच्या शिवणाच्या डब्यातलं रीळ समोर धरत. "रंग कोणता?" "तांबडा." दुसऱ्या दुपारी मी म्हणाले, "मातकट." त्यांचा चेहरा उतरला. डोळ्याची नस दबायला लागली होती. रस्त्यावरची मालमोटार थांबवून त्यांनी मला पुण्याला नेलं. तिथं नाकाच्या कडेला छेद देऊन पू काढला. पट्टी सुटली, तेव्हा रीळ समोर होतंच. मी "तांबडा" म्हटलं आणि हा एवढा मोठा माणूस माझ्या आईदेखत रडला.

पुढे दर दिवाळीला मी फराळ घेऊन जायची. चहाआधी रीळ निघायचं, उत्तर दिल्याशिवाय कप मिळायचा नाही. मी आजी झाले तरी ही परीक्षा सुटली नाही, पण उत्तर मी रिळाकडे नीट न बघताच द्यायची.

परवा घरच्यांना भेटायला गेले, तर सूनबाईंनी ते रीळ माझ्या हातात ठेवलं. घरी येऊन सवयीनं डावा डोळा झाकला. मातकट... उजवा झाकून पाहिलं, तरी मातकटच. मग दोऱ्याचे वरचे दोन वेढे सोडवले. आत लालभडक.

"तांबडा, डॉक्टर," मी मोठ्यानं म्हणाले, आणि चहा ठेवायला उठले.