तेराचं अ‍ॅव्हरेज

थेंबमास्तरांनी आयुष्यात अंदाजे असं काही केलेलं नाही. छत्तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत ते थेंब मोजत राहिले, म्हणून हे नाव. निवृत्तीनंतर थेंब सुटले, सवय राहिली. चहा कपाच्या काठाखाली बरोब्बर बोटभर हवा. कमीजास्त झाला तर परत भांड्यात ओतून पुन्हा गाळतात. गार होतो, पण बिनचूक असतो.

अशा माणसाची गाडी एका महिन्यात लिटरला एकोणीस किलोमीटरवरून तेरावर आली. मास्तरांचा चेहरा घरात चोरी झाल्यासारखा झाला.

लेकीने फोनवर निकाल देऊन टाकला. "बाबा, गाडीला काही झालेलं नाही. तुम्हीच दुसऱ्या गिअरमध्ये गावभर फिरत असणार. वय झालं आता. रविवारी येते, चावी माझ्याकडे द्या."

"आणि कारण सापडलं तर?"

"गाडीत सापडलं तर ठेवा चावी. मी पुन्हा विषय काढणार नाही."

पाच दिवस होते. मास्तरांनी टायरची हवा तपासली, एअर फिल्टर बदलला, प्लग घासले. मिस्त्रीने बॉनेटमध्ये अर्धा तास डोकं घातलं आणि हात पुसत म्हणाला, "काका, इंजिन ठणठणीत आहे. राग मानू नका, पण तुमचा पाय जड झालाय."

मास्तरांनी राग मानला. घरी येऊन पायाकडे बराच वेळ पाहिलं. पाय होता तेवढाच होता.

मग त्यांनी प्रयोग लावला. टाकी काठोकाठ भरायची, गावाबाहेरच्या रस्त्याने चाळीस किलोमीटर जाऊन यायचं, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. बुधवारी सकाळी एकटे गेले. एकोणीस. दुपारी बायकोला बहिणीकडे जायचं होतं, तीही त्याच रस्त्याला. दोघं जाऊन आले. तेरा.

मास्तर वहीकडे बघत बसले. फरक एकच होता आणि तो स्वयंपाकघरात भेंडी चिरत होता.

"अगं, तुझं वजन किती?"

सुरी थांबली. "चाळीस वर्षांत विचारलं नाहीत ते?"

"शास्त्रीय कारण आहे."

"बासष्ट," ती म्हणाली आणि भेंडीवर सुरी जरा जोरात पडू लागली.

अनुभवी माणूस, त्यांनी अडुसष्ट धरलं. पलीकडच्या बांधकामावरून वाळूच्या दोन गोण्या मागून आणल्या, वजनकाट्यावर अडुसष्ट किलो केल्या, बायकोच्या सीटवर बसवल्या आणि पट्टा लावला. गुरुवारी सकाळी गोण्यांना फिरवून आणलं. एकोणीस. वाटेत कुणीतरी हात केला आणि मास्तरांनी दोघांच्या वतीने परत केला.

म्हणजे वजन नाही. ही बातमी बायकोला सांगावी असं त्यांना फार वाटलं. मग त्यांनी विचार बदलला.

शुक्रवारी पुन्हा तिला घेऊन निघाले. या वेळी अर्ध्या वाटेत गाडी थांबवून चारही चाकांपाशी हात नेला. पुढची कोमट. मागची दोन्ही अशी तापलेली, की बोटं झटकन मागे घ्यावी लागली. मागच्या चाकांना काहीतरी धरून ठेवत होतं. मास्तर गाडीत आले. बायकोच्या मांडीवरून पदर मधल्या बाजूला आला होता. त्यांनी तो उचलला. खाली तिचा उजवा हात होता आणि हातात हँडब्रेक, दोन खटके वर ओढलेला. तो ओढलेला असला की समोर लागणारा लाल दिवा वर्षापूर्वीच गेला होता. दिव्यावाचून काही अडत नाही, असं तेव्हा मास्तरच म्हणाले होते.

"हे काय?"

"धरलंय."

"गाडी चालू असताना?"

"चालू असतानाच धरायला हवं ना. थांबल्यावर काय करायचंय?"

"कधीपासून?"

ती समोरच्या काचेतून बघत राहिली. "तो सायकलवाला मधे आला ना, त्या दिवसापासून."

"तो एकदम आला होता."

"सिग्नल लाल होता, अहो. तुम्हाला दिसलाच नाही. दोघंही. सिग्नल आणि तो."

मागून एका टेम्पोने हॉर्न दिला आणि पुढे निघून गेला. मास्तरांनी महिना मोजला. जुळत होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर लेकीलाही कळलं असतं. मग गाडी गेली असती. मला वाटलं, आपण नुसतं धरून बसावं."

मास्तरांनी हँडब्रेक खाली केला. परतीचे वीस किलोमीटर ते तिसाच्या वेगाने आले. तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. प्रत्येक चौकात तो उजवा जरासा हलायचा.

रविवारी लेक आली ती चप्पल काढायच्या आत म्हणाली, "काय, सापडलं?"

"सापडलं. हँडब्रेक थोडा चढलेला राहत होता. आता एकोणीस देते."

आईने पाण्याचा पेला लेकीपुढे ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं नाही.

"म्हणजे गाडीतच दोष होता?"

"गाडीत," मास्तर म्हणाले. "पैज मी जिंकलो." आणि खिशातून चावी काढून पेल्याशेजारी ठेवली. "ही घे. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने मला. ते काय म्हणतात ते बघून मग ठरवू."

लेकीने तीन मुद्दे पाठ करून आणले होते. एकही उपयोगी पडला नाही, म्हणून तिने पाणी प्यायलं.